नवीन इन्शुरन्स घेऊन झाला, आता जुना कॅन्सल कसा करायचा? घाईत काही चुकलंय का बघा जरा

तिसरा_गिअर

नमस्कार मंडळी. गाडी ऑक्टोबर 2024 ला नवी घेतली, पेट्रोल, लोनवर. पहिला इन्शुरन्स शोरूमवाल्यानेच दिला, तेव्हा चावी हातात यायची घाई, कोण वाचत बसतंय, जिथे फुली मारली होती तिथे सही केली आणि गाडी घेऊन आलो. मागच्या ऑक्टोबरला त्यांचाच फोन आला, सर रिन्यूअल आलंय, लिंक पाठवलीय, आजच करा नाहीतर बोनस जाईल. मी 14,600 भरून मोकळा झालो.

आता परवा ऑफिसातला मित्र म्हणाला अरे शोरूमकडून कशाला घेतोस, ऑनलाइन बघ. रविवारी रात्री जेवण झाल्यावर बसलो, गाडीचा नंबर टाकला, सगळं आपोआपच भरलं गेलं आणि 12,900 मध्ये फुल्ल कॉम्प्रिहेन्सिव्ह दाखवला. म्हटलं 1,700 वाचतायत, घेऊन टाकू. 12 जानेवारीपासून चालू पण झाला, पीडीएफ आलीय.

आता जुन्या कंपनीला मेल लिहून ठेवलाय की माझी पॉलिसी रद्द करा आणि उरलेले पैसे परत द्या. पाठवायच्या आधी विचारतो. पैसे खरंच परत मिळतात का, एक जण म्हणतो एक रुपया मिळत नाही. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, जातो का. आणि बँकेला कळवावं लागतं का. अजून एकही क्लेम केलेला नाही.

किक_मारून_बघ

चला, निदान नवा घेतल्यावर जुना बंद करताय. मी उलटं केलं होतं. जुन्यांचा राग आला होता म्हणून आधी त्यांना मेल टाकला, तो त्यांनी एरवी कधी दाखवत नाहीत एवढ्या तत्परतेने त्याच दिवशी मंजूर केला, आणि नवीन कंपनी म्हणाली आता चालू पॉलिसी नाही म्हणजे गाडीचं इन्स्पेक्शन होणार, व्हिडिओ पाठवा. व्हिडिओ पाठवला तर चेसिस नंबर नीट दिसत नाही, परत पाठवा. हे तीन दिवस चाललं आणि तिसऱ्या दिवशी सिग्नलला मामाने हात केला. विनाइन्शुरन्स पहिल्यांदा 2,000, दुसऱ्यांदा सापडलात तर 4,000, शिवाय कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद पण लिहिलीय. 2,000 गेले त्याचं एवढं नाही, पण त्या तीन दिवसांत कुणाला धडक बसली असती तर घर विकायची वेळ आली असती, हे बायकोने जे ऐकवलं ते आजतागायत ऐकवतेय.

बोनेट_उघडा

तिसरा गिअर, तो मेल पाठवू नका. आत्ता नका पाठवू.

मी चार वर्षं एका सर्व्हेअरच्या, म्हणजे अपघातानंतर नुकसान तपासणाऱ्याच्या, हाताखाली होतो, क्लेमच्या फायली बघायचो, त्यामुळे लोकांनी पॉलिसी घेताना काय केलं ते मला नेहमी अपघात झाल्यावरच दिसायचं. तुमची पोस्ट वाचून दोन-तीन ठिकाणी पाल चुकचुकली.

आधी एक करा. जुन्या पॉलिसीच्या पीडीएफ उघडा, दोन्ही, म्हणजे 2024 ची शोरूमवाली आणि 2025 ला रिन्यू केली ती. 2024 वालीच्या पहिल्या पानावर वरच्या चौकटीत कालावधी लिहिलेला असतो, तिथे एक नाही दोन ओळी असतील. एक ओन डॅमेजची (ओडी), म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीची, एक थर्ड पार्टीची (टीपी), म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची. दोन्हींच्या शेवटच्या तारखा इथे टाका. मग नवीन पॉलिसीत तीन गोष्टी बघा: एनसीबी, म्हणजे तो नो क्लेम बोनस, किती टक्के धरलाय, आयडीव्ही, म्हणजे इन्शुरन्समध्ये धरलेली गाडीची किंमत, किती आहे आणि झिरो डेप, म्हणजे पार्टच्या किमतीतून घसारा न कापणारं कव्हर, आहे का. हे सांगा मग बोलू.

तिसरा_गिअर

बापरे, बघतो.

2024 वाली: ओन डॅमेज 14/10/2024 ते 13/10/2025. थर्ड पार्टी 14/10/2024 ते 13/10/2027. म्हणजे थर्ड पार्टी तीन वर्षांचा आहे?? हे मला कुणी बोललंच नव्हतं.

2025 ला रिन्यू केलेली: नुसतं स्टँडअलोन ओन डॅमेज लिहिलंय, 14/10/2025 ते 13/10/2026. एनसीबी 20 टक्के. आयडीव्ही 8,50,000. झिरो डेप आहे, इंजिन प्रोटेक्ट पण.

नवीन: कॉम्प्रिहेन्सिव्ह, 12/01/2026 ते 11/01/2027, त्यात टीपीचे टॅक्स धरून साधारण 4,000 दिसतायत. एनसीबी 25 टक्के. आयडीव्ही 7,35,000. झिरो डेप... नाही दिसत.

बोनस उलट वाढलाय ना पण? 20 चा 25 झाला.

बोनेट_उघडा

तो वाढलेला बोनसच जास्त घोळाचा आहे. एकेक घेऊ, लांबेल, चहा घेऊन बसा.

पहिलं टीपी. 1 सप्टेंबर 2018 पासून नवीन कारला तीन वर्षांचा आणि टू व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी एकदमच घ्यावा लागतो, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर तसं झालं. म्हणजे शोरूममध्ये तुम्ही 13 ऑक्टोबर 2027 पर्यंतचे टीपीचे पैसे भरून बसलायत. दरवर्षी तुम्हाला फक्त ओन डॅमेज घ्यायचा असतो, आणि तो सप्टेंबर 2019 पासून कुठल्याही कंपनीकडून घेता येतो, टीपी जिथे आहे तिथेच राहतो. कंपनी बदलायची असेल त्याच्यासाठीच ही सोय केलीय. तुम्ही वेबसाइटवर पहिला जो पर्याय होता कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे ओडी आणि टीपी एकत्र, तो दाबलात, त्यामुळे तुमच्या गाडीवर आज दोन टीपी आहेत. दोन टीपी असल्याचा फायदा शून्य. आणि टीपीचा दर कंपनी ठरवत नाही, सरकार ठरवतं, सगळीकडे सारखाच, त्यामुळे त्यात स्वस्त-महाग असं काही नसतं.

आता तुमचा मेल. "माझी पॉलिसी रद्द करा" असं मोघम लिहिलंत तर समोरचा माणूस विचारणार कुठली, किंवा न विचारताच गोंधळ घालणार. टीपीचा पॉलिसी नंबर वेगळा, ओडीचा वेगळा. तीन वर्षांचा टीपी चुकून त्यात ओढला गेला आणि नवीन पॉलिसी पुढे काही कारणाने बाद झाली तर गाडी उघडीच पडली.

दुसरं, 25 टक्के. बोनसचा जिना ठरलेला आहे, एक वर्ष विनाक्लेम 20, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50, त्याच्या वर नाही. आणि हे फक्त ओडीच्या प्रीमियमवर, टीपीवर बोनस नसतो. पायरी चढायची तर पूर्ण बारा महिने झाले पाहिजेत. तुमचं दुसरं वर्ष 13 ऑक्टोबर 2026 ला संपणार, त्यानंतर 25. आज तुम्ही 20 वरच आहात. वेबसाइटने काय केलं, "मागच्या पॉलिसीत 20 होता" हे उचललं, मागची पॉलिसी संपलीय असं धरून चालली आणि पुढची पायरी देऊन टाकली. तुम्ही खाली "वरील माहिती बरोबर आहे" वर टिक केली. आता ही तुमची घोषणा झाली.

क्लेम आल्यावर नवीन कंपनी जुन्या कंपनीला बोनस विचारते. जुळला नाही की ओडीचा क्लेम अडकतो. टीपीला तसं होत नाही, तिऱ्हाइताला पैसे मिळतात, पण तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचे मात्र तुमच्याच खिशातून. मी अशा फायली हातातून घालवल्यात, माणूस बिचारा शपथेवर सांगत असतो की साहेब मी नाही टाकलं, आपोआप भरलं गेलं. खरं असतं त्याचं. पण खाली टिक त्याचीच असते ना.

किक_मारून_बघ

हे आपोआप भरलं जातं प्रकरण बेकार आहे. "तुमच्या मागच्या पॉलिसीत क्लेम झाला होता का" याला आधीच "नाही" निवडलेलं असतं, लक्षात आलं नाही तर गेलात.

हिशोबी

बोनेट उघडा यांनी बोनसचं बरोबर सांगितलंय, मी आकडेमोड करून देतो कारण मला तेवढंच येतं.

जुना ओडी 14,600, म्हणजे दिवसाला बरोब्बर 40 रुपये. 14 ऑक्टोबर ते 11 जानेवारी 90 दिवस झाले, उरले 275. म्हणजे 11,000 रुपयांचं कव्हर तुमच्या हातात आहे. "एक रुपया मिळत नाही" हे जुनं झालं. पूर्वी शॉर्ट पिरियडचा तक्ता होता, महिना वापरलात तरी 20 टक्के कापायचे, तीन महिन्यांना 40 टक्के आणि आठ महिने उलटले की काहीच परत नाही, तेव्हाची म्हण चालू आहे लोकांच्या तोंडी. जून 2024 मध्ये इर्डाचं, म्हणजे विमा नियामकाचं, मास्टर सर्क्युलर आलं त्यात स्पष्ट आहे की एक वर्षापर्यंतची पॉलिसी ग्राहक कधीही बंद करू शकतो, कारण द्यायची गरज नाही आणि त्या वर्षात क्लेम केलेला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत. क्लेम केला असेल तर विसरा. माझ्या मेव्हण्याने आरशाचा फुटकळ क्लेम घेतला होता, नंतर पॉलिसी बदलायला गेला, रिफंड भोपळा.

आता तुलना. तुम्ही 14,600 विरुद्ध 12,900 बघताय, ती तुलनाच चुकीची. 12,900 मधले चार हजार टीपीचे, जो तुमच्याकडे आहेच. उरलेला 8,900 चा ओडी कमी आयडीव्हीचा, बिनझिरोडेपचा आणि चुकीच्या बोनसचा. म्हणजे आंबा आणि आंब्याचं चित्र. तुम्ही परत त्याच साइटवर जाऊन नुसता ओन डॅमेज, एनसीबी 20, झिरो डेप, इंजिन प्रोटेक्ट आणि आयडीव्ही जेवढा जास्त देतील तेवढा असं टाकून बघा, पैसे भरू नका फक्त आकडा सांगा.

तिसरा_गिअर

टाकून बघितलं. 12,400 येतोय, आणि आयडीव्ही 8,00,000 च्या वर घेतच नाहीये. जुन्यात 8,50,000 आहे. असं का? तीन महिन्यांत 50 हजार कमी?

हिशोबी

कारण आयडीव्ही पॉलिसी सुरू होते त्या दिवशीच्या गाडीच्या वयावर ठरतो आणि मग वर्षभर तोच राहतो. सहा महिन्यांच्या वरच्या, एक वर्षापर्यंतच्या गाडीला 15 टक्के घसारा, एक वर्ष ओलांडलं की 20. दोन ओलांडली की 30, मग 40, 50. ऑक्टोबरला तुमची गाडी नुकती वर्षाची होत होती म्हणून 15 मध्ये बसली, 10 लाखाला 8.5. जानेवारीला नवीन पॉलिसी म्हणजे 20 टक्के, 8 लाख. आणि 7,35,000 आला होता तो साइटने प्रीमियम स्वस्त दिसावा म्हणून काटा डावीकडे सरकवून ठेवला होता. गाडी चोरीला गेली किंवा भंगारात गेली तर हाच आकडा हातात येणार.

मग बघा: 12,400 म्हणजे दिवसाला 34 रुपये धरा, 275 दिवसांचे 9,350. जुन्याचे 11,000. वाचले 1,650. त्यासाठी 50 हजारांचं कव्हर सोडायचं, आणि बोनसची 25 ची पायरी ऑक्टोबरऐवजी पुढच्या जानेवारीला चढायची, कारण जुन्या पॉलिसीचे हे तीन महिने बोनसच्या हिशोबात कुठेच धरले जात नाहीत. बोनस उशिरा मिळाल्याचा तोटा रुपयांत फार नाही, दीड-दोनशे असेल, पण आहे.

मी असतो तर नवीन कॅन्सल केला असता, जुना ऑक्टोबरपर्यंत वापरला असता आणि तेव्हा निवांत बदलला असता.

फास्टॅग_लो_बॅलन्स

मला नाही पटत. 1,650 म्हणजे काय रस्त्यावर पडलेत? आणि शोरूमवाल्यांना एकदा धडा मिळायला पाहिजे, दरवर्षी आजच करा आजच करा करून घाबरवतात. बोनस काही आज रिन्यू नाही केलं म्हणून आज जात नाही, पॉलिसी संपल्यावर 90 दिवस असतात.

बोनेट_उघडा

90 दिवस बोनस शाबूत राहतो, गाडीला कव्हर नसतो. लोक या दोन गोष्टी एकच समजतात. 89 व्या दिवशी रिन्यू केलंत तर बोनस मिळेल पण मधले 88 दिवस ओडी नव्हता, ठोकली तर तुमची तुम्ही. त्यामुळे हा आकडा सांगताना जरा जपून हो भाऊ.

बाकी बदलायचंच असेल तर बदला, माझी हरकत नाही, पण तिसरा गिअर यांच्या बाबतीत झिरो डेप नसलेली पॉलिसी घेऊन बदलण्यात काही अर्थ नाही. एकच उदाहरण देतो. पुढचा बंपर प्लास्टिकचा असतो. झिरो डेप नसेल तर प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या पार्टवर सरसकट 50 टक्के कापतात, गाडी महिन्याची असली तरी. बॅटरी, टायरचं पण तेच. काचेला कापत नाहीत. आजकालच्या गाडीत पुढून ठोकल्यावर जे काही खाली पडतं त्यात निम्मं प्लास्टिकच असतं, माणूस गॅरेजमध्ये उभा राहून बिल बघतो आणि म्हणतो अहो इन्शुरन्स आहे ना माझा? आहे की, निम्मा.

आणि दोन पॉलिसी झाल्यावर कुठली रद्द करायची त्याला जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे मोटर इन्शुरन्सच्या जुन्या नियमावलीत, पण नियम होता, वेगवेगळ्या कंपन्यांच्या दोन असतील तर नंतर सुरू झालेली रद्द करायची. लोक उलटं धरून चालतात, नवी ठेवायची जुनी टाकायची. तुमच्या केसमध्ये नियम पण तेच म्हणतो आणि हिशोब पण तेच म्हणतो.

नवीन कंपनीला मेल करा, रजिस्टर्ड ईमेलवरूनच. विषयात पॉलिसी नंबर. आत एवढंच: या गाडीवर आधीपासून ओडी आणि टीपी दोन्ही चालू आहेत, दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत, डबल इन्शुरन्स झाल्यामुळे तुमची पॉलिसी अमुक तारखेपासून रद्द करा, क्लेम घेतलेला नाही, उरलेल्या दिवसांचा प्रीमियम परत करा. सोबत कॅन्सल चेक. टीपीचा पुरावा जोडायला विसरू नका, दुसरीकडे टीपी चालू आहे हे दाखवल्याशिवाय गाडीचा टीपी कुणी रद्द करत नाही, कायद्यानेच लागतो तो. आणि फोनवर बोलून सोडून देऊ नका, फोनवरची बाई "झालं सर" म्हणते आणि काहीच झालेलं नसतं. रद्द केल्याचं एंडोर्समेंट, म्हणजे कंपनीची लेखी नोंद, पीडीएफमध्ये मागा.

पैसे भरताना कार्डावर ऑटो रिन्यूअलची टिक राहिली असेल तर तो मँडेट पण बंद करा, नाहीतर पुढच्या जानेवारीला पैसे परत कापले जातील आणि तेव्हा ही पोस्ट शोधत बसाल.

तिसरा_गिअर

आणि बँकेचं?

बोनेट_उघडा

जुनाच ठेवताय तर काहीच नाही. ऑक्टोबरला कंपनी बदलाल तेव्हा नवीन पॉलिसीत बँकेचं नाव हायपोथिकेशन, म्हणजे गाडी बँकेकडे तारण, म्हणून आलं पाहिजे, आरसीवर जसं आहे तसंच, आणि एक प्रत बँकेला. गाडी भंगारात गेली तर कंपनी पैसे आधी बँकेला देते. नाव नसेल तर तेव्हा कागदांचा खेळ होतो.

मागची_सीट

मध्येच विचारते, विषय जवळचाच आहे. माझ्या सासऱ्यांची जुनी गाडी आम्ही मागच्या आठवड्यात विकली, त्यांना 50 टक्के बोनस होता. घेणारा माणूस म्हणतोय इन्शुरन्स माझ्या नावावर करून द्या, बोनससकट मिळेल ना. आणि आमचे हे म्हणतायत उलट आपण पॉलिसी लगेच रद्द करून पैसे घेऊ. आरसी अजून ट्रान्सफर झालेली नाही, गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून दिल्यात. कोण बरोबर?

बोनेट_उघडा

ताई, दोघेही चूक.

बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. सासऱ्यांनी सांभाळून गाडी चालवली त्याचं बक्षीस ते, घेणाऱ्याला नाही मिळत. त्यांच्या कंपनीकडून एनसीबी रिटेन्शनचं पत्र मागा, विक्रीचा कागद आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचा पुरावा मागतील. ते पत्र तीन वर्षं चालतं, त्या अवधीत त्यांनी दुसरी गाडी घेतली, कुठल्याही कंपनीचा इन्शुरन्स असो, ओडीवर 50 टक्के सूट. नव्या गाडीच्या पहिल्या ओडीला ही रक्कम चांगली भरते, लोक हे पत्रच घेत नाहीत. शोरूमवाला आपणहून आठवण करून देणार नाही.

आणि पॉलिसी आरसी ट्रान्सफर व्हायच्या आधी मुळीच रद्द करू नका. हे मी ओरडून सांगतोय असं समजा. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तो मालक, गाडी विकली, ताबा दिला, तीन हातांतून पुढे गेली तरी. म्हणजे आज त्या माणसाने कुणाला उडवलं तर नुकसानभरपाईच्या केसमध्ये तुमच्या सासऱ्यांचं नाव येणार. त्यात तुम्ही पॉलिसी रद्द करून चार पैसे परत घेतलेले असतील तर भरणार कोण? ते स्वतः.

घेणाऱ्याला सांगा, टीपी कायद्याने आपोआप त्याच्याकडे जातो, मोटार वाहन कायद्याचं कलम 157, पण त्याने 14 दिवसांत कंपनीकडे अर्ज करून नाव बदलून घ्यायचं. ओडी आपोआप जात नाही, तो कंपनीने त्याच्या नावावर केला तरच. आणि तेव्हा बोनसचा फरक त्याच्याकडून भरून घेतील. तुम्ही पण विक्री 14 दिवसांत आरटीओला कळवायची असते, राज्याबाहेर विकली असेल तर 45. सह्या करून दिल्या म्हणजे झालं असं नाही, दर दोन दिवसांनी त्या माणसाला फोन करा, पिडा त्याला.

मागची_सीट

बाप रे. ह्यांना वाचायला दिलंय. थँक्यू दादा. तो माणूस कालपासून फोनच उचलत नाहीये, उद्या त्याच्या घरी जाऊन बसतो आम्ही.

किक_मारून_बघ

ताई, डबा घेऊन जा, वेळ लागेल.

हिशोबी

एक राहिलं, तिसरा गिअर. नवीन पॉलिसीत ओनर ड्रायव्हरचा पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर पण घेतलाय का बघा, 15 लाखांचा. तुमचा आधीचा चालू असेल तर दुसरा घ्यायची गरज नाही, घरात दोन गाड्या असल्या तरी एकच पुरतो, 2019 पासून तो वेगळाही घेता येतो. साइटवर तो पण आपोआप टिक असतो.

तिसरा_गिअर

अपडेट देतो, कारण बरेच लोक विचारतायत.

नवीन कंपनीला मेल केला, बोनेट उघडा यांनी सांगितलं तसाच. दोन दिवसांनी फोन आला, अत्यंत गोड आवाजात, सर रद्द कशाला करताय, आम्ही बोनस 20 करून देतो, फक्त फरक भरा. मी म्हटलं टीपीचं काय, माझ्याकडे 2027 पर्यंत आहे. तर म्हणे असू द्या सर, एक्स्ट्रा सेफ्टी. मी हसलोच. म्हटलं मेलला मेलवर उत्तर द्या. मग दोन्ही जुन्या पॉलिसी परत मागितल्या, आधीच जोडल्या होत्या तरी, परत पाठवल्या. 21 जानेवारीपासून रद्द झाली, नऊ दिवसांचे कापून 12,582 खात्यात आले. एंडोर्समेंटची पीडीएफ आली. पीए कव्हर त्यात नव्हता, हिशोबी. ऑटो रिन्यूअलची टिक होती, काढली.

शोरूमचा फोन पण सेव्ह करून ठेवलाय "ऑक्टोबर - उचलू नको" नावाने. कॅलेंडरमध्ये 20 सप्टेंबरला आठवण लावलीय, नुसता ओन डॅमेज, एनसीबी 25, झिरो डेप, काटा उजवीकडे.

एकच शंका राहिली. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला तर इन्शुरन्समध्ये अजून ती रद्द झालेली नवीन पॉलिसीच दिसतेय, 11 जानेवारी 2027 पर्यंत. मामाने अडवलं तर काय दाखवू?

बोनेट_उघडा

तिथे कंपन्या डेटा पाठवतात तसा दिसतो, रद्द झालेलं निघायला वेळ लागतो. मोबाइलमध्ये जुन्या दोन्ही पीडीएफ ठेवा, टीपीवाली वर. महिनाभराने परत बघा, तेव्हाही तसंच असेल तर नवीन कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल, तिथे नाही झालं तर इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर टाका, फुकट आहे. पोर्टलचा मेल गेला की यांची कामं पटापट होतात, हा माझा चार वर्षांचा अनुभव.

तिसरा_गिअर

टीपीवाली पीडीएफ लॉक आहे, पासवर्ड मागतेय. शोरूमलाच फोन करावा लागणार बहुतेक.

किक_मारून_बघ

जन्मतारीख टाकून बघा. नाहीतर तुमची ती "उचलू नको" वाली एंट्री बदला.